झाझेन: घरच्या घरी बसायला शिकताना

वर्तमान क्षणात राहावे, झाल्या-गेल्याचा शोक आणि होणाऱ्याची चिंता सोडावी, हा उपदेश आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो मनोमन पटलेला असूनही त्याचा उपयोग होत नाही. मनाला 'इथे थांब' असे बजावल्याने मन थांबत नाही. जपानमधील झेन परंपरेने या अडचणीवर काढलेला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो, कारण तिथे मनाला हात घालण्याआधी शरीराची व्यवस्था लावली जाते. आधी शरीर एका जागी नीट बसवायचे, मग श्वासाला त्याच्या चालीने चालू द्यायचे आणि बैठक संपल्यावर हातांना एखादे साधे काम पूर्णपणे देऊन टाकायचे, असा हा क्रम आहे. मनाने काय करावे याविषयीच्या सूचना त्या मानाने फार थोड्या आहेत. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. भारतातली बौद्ध ध्यानसाधना चीनमध्ये चान आणि जपानमध्ये झेन या नावाने रुजली, आणि दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्मांना ही परंपरा आपले आद्य आचार्य मानते. जपानमध्ये तिच्या दोन मोठ्या शाखा आहेत. रिन्झाई शाखेत कोआन, म्हणजे गुरूने शिष्याला दिलेले आणि तर्काने न सुटणारे प्रश्न, यांवर भर असतो; सोतो शाखेत नुसत्या बसण्यावर, म्हणजेच झाझेनवर, असतो. कोआनची साधना गुरूला वारंवार भेटल्याशिवाय होत नाही, त्यामुळे घरी सुरुवात करणाऱ्याने सोतो पद्धत धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या पद्धतीचे जपानमधील प्रवर्तक डोगेन (१२००–१२५३) तरुणपणी चीनला गेले, १२२७ मध्ये परतले आणि पुढे १२४४ मध्ये त्यांनी आजच्या फुकुई प्रांतात एइहेइजी मठाची स्थापना केली. परतल्यानंतर त्यांनी झाझेनविषयी एक छोटे मार्गदर्शन लिहिले. ते वाचताना नवल वाटते ते त्यातल्या बारकाव्यांचे: आसन किती जाड असावे, बोटे कुठे टेकावीत, जीभ कुठे असावी, हे सर्व त्यात आहे.

बैठक

जागा शांत असावी, पण निःशब्द खोली मिळेपर्यंत सुरुवात लांबणीवर टाकू नये. घरातला भिंतीजवळचा एक कोपरा ठरवून घ्यावा आणि रोज तिथेच बसावे. सोतो पद्धतीत भिंतीकडे तोंड करून बसतात. घरात माणसांची ये-जा असेल तर ही रीत विशेष सोयीची पडते. खोलीत डोळ्यांवर येणारा उजेड नसावा आणि अंधारही नसावा. पोट तुडुंब भरलेले किंवा अगदी रिकामे नसावे, आणि कपडे कमरेला सैल असावेत.

खाली सतरंजी किंवा घोंगडी चौघडी करून अंथरावी. मठात या चौकोनी गादीला झाबुटोन म्हणतात आणि तिच्यावर झाफू नावाची गोल, टणक उशी ठेवतात, जी परंपरेने सावरीच्या कापसाने भरलेली असते. घरी दोन-तीन जुन्या चादरींची घट्ट गुंडाळी पुरते. मऊ फोमची उशी टाळावी, कारण ती वजनाखाली दबते आणि कंबर हळूहळू मागे कलते. आपण मांडी घालून बसायला सरावलेले आहोत, त्यामुळे उशीची गरजच नाही असे अनेकांना वाटते आणि नेमके तिथेच बिघडते. सपाट जमिनीवर मांडी घातली की बहुतेकांच्या पाठीला पोक येते आणि गुडघे अधांतरी राहतात. जेवण होईपर्यंत ते निभावते, पण वीस मिनिटे स्थिर बसायचे झाले की पाठ बोलू लागते. उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसून नितंब चार-सहा बोटे उंच केले की कंबर आपोआप किंचित पुढे झुकते, दोन्ही गुडघे जमिनीला टेकतात आणि शरीराचा भार तीन ठिकाणी वाटला जातो. गुडघा टेकतच नसेल तर उशी आणखी उंच करावी, अथवा त्या गुडघ्याखाली टॉवेलची घडी सरकवावी.

पद्मासन किंवा अर्धपद्मासन सहज जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर एका पायाच्या पुढे दुसरा पाय, दोन्ही जमिनीवर, अशी बैठक घ्यावी. वज्रासनासारखे बसून नितंबांखाली उशी घेण्याची पद्धतही रूढ आहे. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांनी पद्मासनाचा हट्ट धरू नये. त्यांनी खुर्चीच्या पुढच्या भागावर, पाठ न टेकता, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवून बसावे. खुर्चीवरचे झाझेन कमी प्रतीचे, असे मुळीच नाही.

आता वरचे शरीर. कान खांद्यांच्या रेषेत आणि नाक बेंबीच्या रेषेत असावे, ही डोगेन यांची सूचना आरशासमोर एकदा तपासून पाहण्यासारखी आहे, कारण मोबाईलमध्ये पाहून पाहून आपल्या माना पुढे आलेल्या असतात आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. हनुवटी किंचित आत घ्यावी. ओठ आणि दात मिटलेले असावेत आणि जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकलेले असावे. डोळे मात्र बंद करायचे नाहीत. पापण्या अर्धवट उतरवून नजर सुमारे ४५ अंशांत खाली, समोरच्या भिंतीवर किंवा जमिनीवर, कशाकडेही रोखून न पाहता सोडून द्यावी. आपल्याकडे ध्यान म्हटले की डोळे मिटण्याची सवय असल्याने सुरुवातीला हे अवघड वाटते. परंतु डोळे मिटले की एक तर झोप येते किंवा आतला चित्रपट सुरू होतो. ज्या खोलीत आपण बसलो आहोत त्याच खोलीत राहायचे असेल तर ती खोली दिसत राहिलेली बरी.

हातांची ठेवण या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटते. उजवा तळहात मांडीत ठेवून त्यावर डावा तळहात ठेवावा आणि दोन्ही अंगठ्यांची टोके एकमेकांना जेमतेम स्पर्श करतील अशी धरावीत. दोन्ही हातांच्या मध्ये एक लंबगोल पोकळी तयार होते. झेन शिक्षक सांगतात की अंगठ्यांचा डोंगर होऊ नये आणि दरीही होऊ नये. मनात ताण किंवा ईर्षा शिरली की अंगठे एकमेकांना दाबतात आणि त्यांचे टोक वर उचलले जाते; झोप किंवा स्वप्नरंजन सुरू झाले की ते सैल पडून खाली ढळतात. आपले मन भरकटले आहे हे आपल्याला कळण्याआधी अंगठ्यांना कळलेले असते. त्यामुळे अधूनमधून 'माझे मन कुठे आहे' असे विचारत बसण्यापेक्षा अंगठ्यांची स्थिती जाणून घ्यावी आणि ते पुन्हा हलकेच जुळवावेत. तेवढ्याने पुष्कळदा काम होते.

सगळे जागच्या जागी आले की हात जोडून नमस्कार करावा, शरीर डावीकडे-उजवीकडे आधी मोठ्या आणि मग लहान लहान हेलकाव्यांनी झुलवत मध्यावर आणून थांबवावे, तोंडाने एक दीर्घ उच्छ्वास सोडावा आणि तोंड मिटून घ्यावे. इथून पुढे हालचाल नाही.

श्वास

श्वास नाकाने, शांतपणे चालू द्यावा. इथे प्राणायाम अभिप्रेत नाही. श्वास लांबवणे, रोखणे, ठरावीक मापाने घेणे यांपैकी काहीही करायचे नाही. छोटा असेल तर छोटा, मोठा असेल तर मोठा. लक्ष बेंबीच्या खाली, ओटीपोटाच्या हालचालीवर असावे.

नवख्या साधकाला पहिले काही महिने श्वास मोजण्याची पद्धत दिली जाते. श्वास बाहेर पडताना मनातल्या मनात 'एक' म्हणायचे, तेही उच्छ्वास संपेपर्यंत लांबवत. पुढच्या उच्छ्वासाला 'दोन', असे दहापर्यंत जायचे आणि पुन्हा एकवर यायचे. मोजणी चुकली, अंक निसटला, की जिथे असाल तिथून एकवर यायचे. सूचना एवढीच आहे, पण पहिल्याच बैठकीत लक्षात येते की चारच्या पुढे जाणे कठीण आहे. काहींना वेगळाच अनुभव येतो: मोजणी सुरळीत चाललेली असते आणि मग ध्यानात येते की आपण सतरावर पोहोचलो आहोत, म्हणजे तोंड मोजत होते आणि मन उद्याच्या कामांची यादी करत होते. दोन्ही बाबतींत करायचे ते एकच, एकवर परत येणे. दहापर्यंत पोहोचणे हे साध्य नाही, त्यामुळे पाच-सहा वेळा दहा गाठल्याचा आनंद मानण्याचे कारण नाही आणि एकदाही न गाठल्याचे दुःखही नको. मोजणी स्थिरावली की अंक सोडून नुसता श्वास अनुसरावा, आणि पुढे तोही आधार सोडून नुसते बसावे. या शेवटच्या अवस्थेला शिकानताझा म्हणतात आणि तिच्या मागे लागण्याची घाई करू नये.

विचार येतात तेव्हा

विचार येऊ नयेत म्हणून झाझेन करायचे, असा समज करून घेतलेला माणूस दोन आठवड्यांत कंटाळून सोडून देतो, कारण विचार येतच राहतात. कान आवाज ऐकतो तसा मेंदू विचार निर्माण करतो. तो त्याचा स्वभावधर्म आहे. डोगेन आपल्या मार्गदर्शनात चिनी आचार्य याओशान यांच्या एका संवादाचा आधार घेतात. आचार्य स्तब्ध बसलेले पाहून एका भिक्षूने विचारले की आपण कशाचा विचार करत आहात. त्यांनी सांगितले की जे विचारापलीकडे आहे त्याचा. त्याचा विचार कसा करतात, असे भिक्षूने पुन्हा विचारले. उत्तर आले: विचार न धरता. हे उत्तर गूढ वाटते, पण बसून पाहिल्यावर त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक निघतो. विचार येणे आपल्या हाती नाही, त्याला धरून पुढचे वाक्य रचणे आपल्या हाती आहे. विसाव्या शतकातील सोतो आचार्य कोशो उचियामा याला विचारांची मूठ उघडणे असे म्हणत असत.

एखादे उदाहरण जवळून पाहू. बसल्यावर तिसऱ्या मिनिटाला सकाळी कार्यालयात कोणीतरी बोललेले एक वाक्य आठवते. आठवण येण्यात बिघडलेले काही नाही. त्यानंतर 'मी तेव्हा असे म्हणायला हवे होते' हे दुसरे वाक्य येते, मग त्यावर समोरचा काय म्हणाला असता, मग मागच्या वर्षीचा असाच प्रसंग. पाहता पाहता जबडा आवळला जातो, खांदे वर येतात, अंगठे दाबले जातात. ज्या क्षणी हे ध्यानात आले तो क्षण वाया गेलेला नाही, उलट बैठकीतला तोच सर्वांत मोलाचा क्षण आहे, कारण त्या क्षणी आपण परत आलेले असतो. स्वतःवर चिडू नये, आपले मन किती चंचल आहे याचे विश्लेषण करू नये. जबडा सैल करावा, अंगठे जुळवावेत आणि पुढचा उच्छ्वास 'एक' म्हणून सोडावा. गीतेच्या सहाव्या अध्यायात, चंचल मन जिथे जिथे बाहेर जाते तिथून तिथून त्याला परत आणावे, असे जे सांगितले आहे, त्यातही अपेक्षा परत आणण्याची आहे. वीस मिनिटांत मन शंभर वेळा गेले आणि शंभर वेळा परत आणले, तर ती बैठक चांगली झाली असे समजावे.

इथेच आणखी एक सूचना: शांतता मिळवायची म्हणून बसू नये. बसल्यावर शांत वाटले तर ठीक, बेचैन वाटले तरी ठीक. 'आज शांत वाटतंय का' ही तपासणी सुरू झाली की आपण समोरच्या क्षणाऐवजी एका इच्छित क्षणाची वाट पाहू लागतो. नियमित बसणाऱ्यांना शांतपणा पुष्कळदा बैठकीबाहेरच जाणवतो. राग आल्यावर तो आल्याचे लवकर कळते आणि तोंडातून शब्द जाण्याआधी एक श्वासाचे अंतर मिळते.

अडचणी

पायांना मुंग्या येणे स्वाभाविक आहे आणि त्याने अपाय होत नाही. मात्र बैठक संपल्यावर एकदम उठू नये, पाय चोळून, संवेदना परत आल्यावरच उभे राहावे, नाहीतर पाय मुरगळतो. गुडघ्याच्या सांध्यात तीक्ष्ण कळ आली तर ती सहन करू नये, शांतपणे बैठक बदलावी. खाज सुटली तर हात लगेच नेऊ नये. ती वाढते, टोकाला जाते आणि बहुधा आपली आपण ओसरते. हे एकदा पाहिले की इतर अनेक अस्वस्थतांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

झोप आणि भिरभिर या दोन्हींसाठी सहाव्या शतकातील चिनी आचार्य झियी यांनी एक सुटसुटीत उपाय सांगितला आहे: मन जड होऊन पेंग येत असेल तर लक्ष वर, नाकाच्या शेंड्यावर आणावे, मन उधळत असेल तर ते खाली, बेंबीशी उतरवावे. याखेरीज दुपारच्या जेवणानंतर न बसणे आणि रात्रीची झोप पुरेशी घेणे, हे उपाय सांगायला साधे असले तरी त्यांना पर्याय नाही.

अतिरेकाचा धोका मात्र खरा आहे. रिन्झाई परंपरेचे पुनरुज्जीवन करणारे हाकुइन (१६८६–१७६९) यांना तरुणपणी अतिताणाच्या साधनेमुळे गंभीर आजारपण आले होते. डोके तापलेले, पाय बर्फासारखे गार आणि मन सतत भ्यालेले, असे त्याचे वर्णन त्यांनी स्वतः केले आहे. लक्ष आणि श्वास खाली, ओटीपोटाकडे आणण्याच्या पद्धतीने ते सावरले आणि पुढे शिष्यांना त्यांनी ती शिकवली. म्हणून डोके जड होत असेल, छातीत दडपण येत असेल तर वेळ वाढवण्याऐवजी कमी करावा. तीव्र नैराश्य, भीतीचे झटके, जुना मानसिक आघात किंवा मनोविकाराचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी. झाझेन हा औषधांचा पर्याय नाही.

चालणे

मठात दोन बैठकींच्या मध्ये किनहिन, म्हणजे चालण्याचे ध्यान, असते. डाव्या हाताची मूठ अंगठा आत घेऊन छातीशी धरावी, उजव्या तळव्याने ती झाकावी, नजर खाली ठेवावी आणि एका श्वासाला अर्धे पाऊल या गतीने पुढे सरकावे. फ्लॅटमधल्या दिवाणखान्यातही एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हे करता येते. टाच उचलली जाते, भार पुढच्या पायावर जातो, तळव्याला फरशीचा गारवा लागतो, एवढेच जाणत राहावे. पाच मिनिटे पुरेत.

हातातले काम

झेनचे खरे वैशिष्ट्य मला इथे दिसते, आणि ज्यांना बसायला वेळच मिळत नाही त्यांनी निदान हा भाग तरी मनावर घ्यावा.

१२२३ मध्ये डोगेन चीनच्या किनाऱ्यावर पोहोचले, पण काही काळ त्यांना जहाजावरच थांबावे लागले. त्या वेळी एका मठाचा साठीतला मुख्य आचारी जपानी अळंबी विकत घेण्यासाठी जहाजावर आला. डोगेन यांनी त्याला आग्रहाने थांबवून घेण्याचा प्रयत्न केला. तो म्हणाला, उद्या सणाचे जेवण आहे, मला परतलेच पाहिजे. एवढ्या वयात ध्यान आणि ग्रंथाभ्यास सोडून आपण स्वयंपाकाची दगदग का करता, असे तरुण डोगेन यांनी विचारले. आचारी हसला आणि म्हणाला की परदेशी मित्रा, साधना म्हणजे काय हे तुला अजून कळलेले नाही. पुढे तियानतोंग मठात त्यांना दुसरा एक आचारी भेटला, वय ६८, पाठ धनुष्यासारखी वाकलेली. भर दुपारी, डोक्यावर टोपी नसताना, तापलेल्या फरसबंदीवर तो वाळवण घालत होता. हे काम दुसऱ्या कोणाकडून का करून घेत नाही, या प्रश्नावर तो म्हणाला, दुसरे म्हणजे मी नव्हे. मग निदान ऊन उतरल्यावर करा, असे सुचवताच त्याने विचारले की मग कोणत्या वेळेची वाट पाहू. या दोन भेटींचा परिणाम एवढा खोल होता की डोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शन लिहिले. तांदूळ धुताना वाळूही पाहावी आणि वाळू पाहताना तांदूळही पाहावा, उंच जागी शोभणाऱ्या वस्तू उंच आणि खाली शोभणाऱ्या खाली ठेवाव्यात, अशा सूचना त्यात आहेत.

हे घरी करण्यासाठी रोजचे एकच काम निवडावे: तांदूळ निवडणे, मेथी निवडणे, भांडी घासणे, कपड्यांच्या घड्या घालणे. काम दहा-पंधरा मिनिटांत संपणारे आणि रोज करावे लागणारे असावे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. गाणी, बातम्या, व्याख्यान काहीही लावू नये, झेनविषयीचे व्याख्यानही नाही. समजा तांदूळ निवडायला घेतले. ताटात मूठभर तांदूळ पसरावेत, पाठ सरळ ठेवावी आणि बोटांनी ते एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवत जावे. तुकडा, खडा, साळ, काळपट दाणा, एखादा सोंडकिडा, जे दिसेल ते बाजूला काढावे. खडा शोधण्याच्या नादात दाणे नुसती अडगळ वाटू लागतात, याकडे लक्ष द्यावे. डोगेन यांची सूचना नेमकी त्याविषयी आहे. मन दुसरीकडे गेले की डोळे पाहत असूनही खडा सुटतो, म्हणजे इथेही आपल्याला जागे करणारी खूण समोरच आहे. काम मुद्दाम संथपणे करायची गरज नाही. मठातला स्वयंपाक चपळाईने होतो, फक्त हात एका ठिकाणी आणि मन दुसऱ्या ठिकाणी असे होऊ द्यायचे नाही. निवडून झाल्यावर ताट पुसून जागेवर ठेवणे हाही कामाचाच भाग आहे. आपण बहुतेक कामे नव्वद टक्के करून पुढच्या कामाकडे धावतो आणि उरलेला दहावा हिस्सा डोक्यात साठत जातो.

चान परंपरेत शारीरिक कामाला हे स्थान देणारे बाइझांग (७२०–८१४) वृद्धापकाळीही शेतात राबत असत. शिष्यांनी कीव येऊन त्यांची अवजारे लपवली तेव्हा त्यांनी त्या दिवशी जेवण घेतले नाही; काम नाही तो दिवस जेवणही नाही, ही त्यांची उक्ती त्या प्रसंगातून रूढ झाली, असे परंपरा सांगते. घरातले सगळे काम एकाच व्यक्तीच्या अंगावर टाकून बाकीच्यांनी ध्यानाला बसणे या परंपरेत बसत नाही, हे पुरुषांनी विशेष लक्षात घ्यावे.

जेवणाबाबत एकच सांगतो. मठात अन्न समोर आल्यावर ते आपल्यापर्यंत किती जणांच्या श्रमांतून आले याचे स्मरण करणारे पाठ म्हणतात. 'वदनी कवळ घेता' म्हणण्याची सवय असलेल्या घरांना हे नवे नाही. फक्त ते म्हणताना एक हात रिमोटकडे जाऊ नये आणि पहिले पाच घास न बोलता, नीट चावून खावेत.

दिवसभरातील थांबे

व्हिएतनामी झेन आचार्य थिच न्हात हान्ह (१९२६–२०२२) यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या प्लम व्हिलेज या साधनाकेंद्रात घंटा वाजली की सर्व जण हातातले काम थांबवून श्वासाकडे येतात, आणि फोन वाजला तर तीन श्वास घेऊन मगच उचलतात. ही रीत आपल्या दिवसात सहज बसते. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, लाल सिग्नल, लिफ्टची वाट पाहणे, यांपैकी एकच खूण निवडावी आणि तिला बांधून घ्यावे. पाच-सहा खुणा एकदम ठरवल्या तर एकही टिकत नाही.

उद्याचे नियोजन

वर्तमानात राहायचे तर मुलांच्या शिक्षणाचा, कर्जाच्या हप्त्याचा विचारच करायचा नाही का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. मठातील आचारी उद्याच्या जेवणाचे साहित्य आजच ठरवतो, इतरांशी सल्लामसलत करतो आणि तांदूळ आदल्या दिवशीच निवडून ठेवतो. डोगेन यांनी ते त्याचे कर्तव्यच सांगितले आहे. कागद-पेन घेऊन हप्त्यांचा हिशेब मांडणे हे वर्तमानातले काम आहे. तोच हिशेब अंघोळ करताना, जेवताना आणि अंथरुणावर कूस बदलताना, काहीही न ठरवता पुन्हा पुन्हा घोळवणे ही चिंता. रोज एक ठरावीक वेळ नियोजनाला द्यावी आणि इतर वेळी तोच विषय आला तर त्याची जागा ती आहे हे ओळखून हातातल्या कामाकडे परतावे. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील भद्देकरत्त सुत्तातही बुद्ध गेलेल्याच्या मागे जाऊ नये आणि न आलेल्याची आस धरू नये असे सांगतात, आणि लगोलग आज करायचे प्रयत्न आजच करावेत असेही बजावतात.

पश्चात्तापाच्या बाबतीत डोगेन यांचा एक विचार मला धीर देणारा वाटतो. लाकूड जळून राख होते, पण राख पुन्हा लाकूड होत नाही. तरीही राख म्हणजे लाकडाचा शेवट असे समजू नये, लाकूड आपल्या जागी पूर्ण आहे आणि राख आपल्या जागी, असे ते १२३३ मधील एका लेखनात म्हणतात. जुन्या प्रसंगातले आपण त्या प्रसंगासह तिथेच पूर्ण होतो. आज ते दुरुस्त करता येत नाही. आज क्षमा मागता येते, पत्र लिहिता येते, पैसे परत करता येतात. यांपैकी काही शक्य असेल तर ते करावे आणि नसेल तर बैठकीवर बसल्यावर जी कळ उठते तिला खाजेसारखेच येऊ-जाऊ द्यावे.

किती आणि कोणाबरोबर

मठातील एक बैठक परंपरेने एक उदबत्ती जळेपर्यंत, म्हणजे साधारण ४० मिनिटांची असते. घरी १० मिनिटांपासून सुरुवात करून दोन-तीन महिन्यांत २०-२५ मिनिटांपर्यंत जावे. वेळ सकाळची, उठून तोंड धुतल्यावर आणि मोबाईल हातात घेण्याआधीची सर्वांत बरी. रविवारी एक तास आणि एरवी काही नाही, यापेक्षा रोजची दहा मिनिटे कितीतरी अधिक उपयोगी आहेत. पतंजलींनीही अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक व्हावा असे म्हटले आहे. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नये, नेहमीइतकेच बसावे.

काही महिने एकट्याने बसल्यानंतर जाणत्या व्यक्तीकडून बैठक तपासून घेणे आवश्यक आहे, कारण आपला कललेला खांदा आपल्याला दिसत नाही. तमिळनाडूत कोडैकनालजवळ पेरुमलमलै येथे १९९६ पासून बोधी झेंदो हे केंद्र आहे. जपानमध्ये कामाकुरा येथे झेन आचार्य यामादा कोउन यांच्याकडे शिकलेले जेझुइट ख्रिस्ती धर्मगुरू आमा सामी यांनी ते सुरू केले. महाराष्ट्रात इगतपुरीला सत्यनारायण गोयंका यांनी स्थापन केलेल्या धम्मगिरीत विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात, पण ती पद्धत वेगळी आहे: तिथे डोळे मिटून शरीरभर संवेदनांचे निरीक्षण केले जाते. दोन्ही मार्ग बुद्धांच्या शिकवणीतूनच आलेले असले तरी एका बैठकीत दोन्हींची सरमिसळ करू नये. निदान सहा महिने एकच धरावा. शिक्षक निवडताना त्यांनी स्वतः कोणाकडे आणि किती काळ साधना केली हे निःसंकोच विचारावे, आणि झटपट अनुभूतीचे आश्वासन देणाऱ्या किंवा वैद्यकीय उपचार बंद करायला सांगणाऱ्या कोणाकडेही जाऊ नये. शिबिरासाठी नाव नोंदवताना आपली चालू औषधे, गुडघ्यांचे किंवा पाठीचे दुखणे आणि आजवरची साधना यांची माहिती आयोजकांना आधीच कळवावी, म्हणजे खुर्चीची किंवा उंच आसनाची सोय पहिल्याच दिवशी होते.